खोक्यावरचे १२०: गेमिंगचा टीव्ही म्हणून माझ्या गळ्यात काय मारलं गेलं

पन्नास इंची टीव्हीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत चार गोष्टी छापल्या होत्या: ४के, एचडीआर, एचडीएमआय २.१ आणि 'मोशन १२०'. चारही खऱ्या होत्या. तरीही मला टीव्ही ज्या दोन कामांसाठी हवा होता त्यातलं एकही तो धड करू शकत नव्हता. एक, नव्या कन्सोलवर ४केमध्ये सेकंदाला १२० फ्रेमने गेम खेळायचे होते. दुसरं, रात्री दिवे मालवून सिनेमे बघायचे होते. दुकानात मी नेमकं हेच सांगून विचारलं होतं, आणि उत्तरही तितकंच ठाम मिळालं होतं. "मॅडम, हा गेमिंगसाठीच बनवलाय. एकशेवीस हर्ट्झ आहे. बघा ना, खोक्यावरच लिहिलंय."

खोक्यावर 'हर्ट्झ' (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं त्याचं माप) हा शब्द नव्हता. तो सेल्समनच्या तोंडून आला. या धंद्यातली सगळी मखलाशी अशीच चालते. कागदावर 'नरो वा कुंजरो वा' छापायचं, आणि पुढचं वाक्य माणसाने बोलायचं, ज्याचा कुठे पुरावा राहत नाही.

घरी कन्सोल जोडल्यावर १२० हर्ट्झचा पर्याय उमटेचना. टीव्ही एचडीएमआय केबलमधून स्वतःची ओळख समोरच्या यंत्राला सांगत असतो: मी अमुक रिझोल्यूशन घेतो, इतके हर्ट्झ घेतो, असे रंग घेतो. प्लेस्टेशन ५ मध्ये ही माहिती 'स्क्रीन अँड व्हिडिओ'खाली 'व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन'मध्ये दिसते. एक्सबॉक्स सीरीज एक्समध्ये '४के टीव्ही डीटेल्स' नावाचं पानच आहे, काय चालतं आणि काय नाही ते ओळीने दाखवणारं. माझ्या टीव्हीने स्वतःच कबुली दिली होती: ४के, ६० हर्ट्झ. त्यापुढे काही नाही.

दुकानात फोन केला. "केबल साधी असेल मॅडम, चांगली केबल लागते याला." मी मुकाट्याने महागातली केबल आणली, फरक शून्य. तेव्हा थोडं वाचलं असतं तर ती केबलही वाचली असती, कारण या दोन्ही कन्सोलच्या खोक्यात 'अल्ट्रा हाय स्पीड' दर्जाची केबल आधीच असते. एचडीएमआय २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट माहिती जाऊ शकते, २.१ मधून ४८ पर्यंत. ४के, १२० हर्ट्झ आणि १०-बिट रंग काहीही न दाबता पाठवायचे तर साधारण ४० लागतात. म्हणजे केबल महत्त्वाची असते हे खरं, पण टीव्हीचं पोर्टच तेवढा सिग्नल घेत नसेल तर केबल सोन्याची असली तरी काय उपयोग? केबलचा मुद्दा संपल्यावर "सॉफ्टवेअर अपडेट येईल" सुरू झालं. ६० हर्ट्झचं पॅनल, म्हणजे प्रत्यक्ष पडदा, अपडेटने १२०चं होत नाही. हे त्यालाही माहीत असावं असा माझा दाट संशय आहे.

आता त्या 'मोशन १२०'बद्दल, कारण सगळी गोम तिथेच आहे. पॅनल सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतं, तो खरा रिफ्रेश रेट. ६० हर्ट्झचं पॅनल दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतं, १२०चं दर ८.३ मिलिसेकंदांनी. हा आकडा मोजता येतो, त्यात मतभेदाला जागा नाही. 'मोशन रेट', 'मोशन इंडेक्स' असल्या नावाचे आकडे मात्र कंपनीने स्वतःच्या सूत्राने काढलेले असतात. चित्रावर होणारी प्रक्रिया, बॅकलाइट मध्येच विझवून हालचाल स्पष्ट भासवणं, हे सगळं मिळून पॅनलच्या आकड्याची दुप्पट किंवा चौपट करतात. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, सूत्र वेगळं, आणि कोणाला विचारायची सोय नाही. गंमत अशी की गेम खेळताना ही प्रक्रिया बंदच ठेवावी लागते. टीव्हीने दोन फ्रेमच्या मधली फ्रेम कल्पनेने तयार करायची तर पुढची फ्रेम येईपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढ्यात तुम्ही दाबलेलं बटण पडद्यावर उशिरा दिसतं. म्हणून गेम मोड लावला की टीव्ही सहसा हे उद्योग थांबवतो. म्हणजे गेमिंगसाठी म्हणून विकलेला तो १२०चा आकडा गेमिंग सुरू होताच गायब!

सिनेमालाही याचा फटका बसतो, फक्त तो पटकन लक्षात येत नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो. १२०ला २४ने पूर्ण भाग जातो, प्रत्येक फ्रेम पाच वेळा दाखवली की झालं. ६०ला भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा असं करत जावं लागतं. कॅमेरा सावकाश आडवा फिरत असेल तेव्हा चित्र अडखळत सरकतं ते यामुळेच. काही ६०चे टीव्ही सिनेमापुरता आपला वेग बदलून हे टाळतात. माझा त्यातला नव्हता.

एचडीएमआय २.१चं प्रकरण तर मला जास्तच संतापजनक वाटतं, कारण इथे खोटं बोलण्याचीही गरज उरलेली नाही. २०१७ मध्ये हे मानक आलं तेव्हा सगळ्यांनी त्याचा अर्थ घेतला ४के १२०. पण त्यातल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत. मानकाचा परवाना देणाऱ्या संस्थेने २०२१च्या अखेरीस हे स्पष्टच केलं की २.० आता वेगळं उरलेलं नाही, ते २.१ मध्येच सामावलं आहे. २.१ लिहिणाऱ्याने नेमक्या कोणत्या सोयी दिल्या ते सांगावं, इतकीच अपेक्षा. परिणामी साउंडबारला पूर्ण आवाज देणारं ईआर्क आणि गेम सुरू होताच आपोआप गेम मोड लावणारं एएलएलएम, एवढ्यावर माझा टीव्ही '२.१' झाला. ४के १२० नाही, व्हीआरआर नाही. व्हीआरआर म्हणजे गेमच्या फ्रेम कमी-जास्त झाल्या तरी पडद्याने आपला वेग त्यांच्याशी जुळवून घेणं. गेमरला खरं तर तेच जास्त उपयोगी पडतं.

आणि एचडीआर, म्हणजे उजळ आणि काळ्यातला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र. खोक्यावर 'एचडीआर १०' लिहिलेलं असलं की त्याचा अर्थ एवढाच की टीव्हीला तो सिग्नल वाचता येतो. तो दाखवता येतो का, हा निराळा प्रश्न. बरेच सिनेमे १,००० निट्सचा (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेड गृहीत धरून रंगवलेले असतात, आणि मानकाची पट्टी तर १०,००० पर्यंत जाते. यूएचडी अलायन्स या टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या संघटनेने २०१६ मध्ये 'अल्ट्रा एचडी प्रीमियम' हे चिन्ह काढलं तेव्हा अट होती की एलसीडी असेल तर किमान १,००० निट्स आणि काळा रंग ०.०५ निटपेक्षा जास्त उजळ नको; ओएलईडीसारख्या (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो अशा) पडद्याला ५४० निट्स चालतील, पण काळा ०.०००५च्या आत हवा. हे वाचल्यावर मला खोक्यावरचा तो शब्द किती पोकळ आहे ते कळलं. माझ्या टीव्हीवर एचडीआर चालू केलं की चित्र उलट मंद व्हायचं. अंधाऱ्या दृश्यात काळ्याच्या जागी राखाडी धूर. माहितीपत्रकात 'डायरेक्ट फुल ॲरे' असं भारदस्त लिहिलं होतं, त्याचा अर्थ दिवे कडेला नसून पडद्यामागे पसरलेले आहेत, इतकाच. त्या दिव्यांचे गट करून जिथे अंधार हवा तिथले मंद करायचे, त्याला लोकल डिमिंग म्हणतात, आणि ते दोन शब्द कुठेच नव्हते. जे लिहिलं नाही ते नाही, असं समजून चालायचं.

हे तपासायची युक्ती सोपी आहे. पूर्ण काळ्या पडद्यावर एकच पांढरा ठिपका फिरणारी क्लिप पेनड्राइव्हवर घ्यायची आणि खोलीत अंधार करायचा. लोकल डिमिंग असेल तर ठिपक्याभोवतीचा उजेड त्याच्याबरोबर सरकतो. नसेल तर अख्खा पडदा सारखाच राखाडी राहतो. ओएलईडीवर फक्त ठिपका दिसतो, बाकी काहीच नाही.

शोरूममध्ये मात्र यातलं काही दिसणं शक्यच नसतं, तशी व्यवस्थाच असते. डोक्यावर लखलखाट, टीव्ही दुकानाच्या खास मोडमध्ये, रंग भडक आणि पांढरा निळसर. वर कंपनीची क्लिप: सावकाश फुलणारी फुलं, सरड्याचा डोळा, काळ्यावर उडणारे रंग. त्यात वेगवान हालचाल नसते, अंधारं दृश्य नसतं, माणसाचा चेहराही क्वचितच असतो. फुलाचा रंग चुकला तर कोणाला कळणार? चेहऱ्याचा चुकला तर लगेच कळतो. मी नंतर जिथे गेले तिथे आधी मोड बदलायला लावला. ज्या टीव्हीत 'फिल्ममेकर मोड' आहे (२०१९ मध्ये यूएचडी अलायन्सनेच जाहीर केलेला) तिथे तो लावायचा, नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'. चित्र एकदम पिवळट आणि मवाळ वाटतं, सेल्समन अस्वस्थ होतो, पण घरी आपण बघणार आहोत ते साधारण तेच.

सगळ्यात मोठा डाव मला अगदी शेवटी कळला, आणि तो आकाराचा होता. सेल्समनने मला फोनवर त्या मालिकेचं एक परीक्षण दाखवलं होतं. १२० हर्ट्झ, व्हीआरआर, लोकल डिमिंग, सगळं त्यात मोजून दाखवलेलं. परीक्षण खरं होतं, मालिका तीच होती, फक्त परीक्षणातला टीव्ही ६५ इंची होता. कंपनीच्या माहितीपत्रकात तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, तारांकित टीप होती की ही वैशिष्ट्यं ५५ इंच आणि त्यापुढच्या आकारांसाठी. नाव एक, डिझाइन एक, रिमोट एक, आणि लहान आकारात आत भलतंच पॅनल. हा प्रकार या एका मालिकेपुरता नाही, बाजारात सर्रास चालतो. कधी एकाच मालिकेत एका आकाराला व्हीए पॅनल असतं आणि दुसऱ्याला आयपीएस, हे एलसीडी पडद्याचे दोन प्रकार. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) १,०००:१च्या आसपास, व्हीएचा त्याच्या तीन ते पाचपट. अंधारात सिनेमे बघणाऱ्याला हा फरक पहिल्याच रात्री जाणवतो. कडेला बसून बघणाऱ्यांना उलट आयपीएस बरं, ते सोडा. परीक्षण वाचताना आकारासकट पूर्ण मॉडेल नंबर जुळतो का ते पाहा, शेवटच्या अक्षरापर्यंत.

तक्रार केल्यावर कंपनीचं उत्तर सभ्य भाषेत आलं: 'मोशन १२०' हा चित्रप्रक्रियेचा निर्देशांक असून या मॉडेलच्या पॅनलचा रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ आहे. आधी हे वाक्य खोक्यावर छापायला काय हरकत होती, याचं उत्तर नव्हतं. दुकानाने खोका फोडल्याचं कारण पुढे केलं. मला वाचवलं ते एका मेसेजने. घेण्यापूर्वी मी सेल्समनला लिहून विचारलं होतं, "कन्सोल ४के १२०वर चालेल ना?" आणि त्याने लिहिलं होतं, "हो मॅडम, शंभर टक्के." तो मेसेज मॅनेजरसमोर ठेवल्यावर आवाज खाली आले. बरीच हुज्जत झाल्यावर वरचे पैसे भरून मोठा आकार घ्यायची परवानगी मिळाली. केबल त्यांनी परत घेतली नाही.

म्हणून तोंडी विचारू नका, लिहून विचारा, आणि "१२० आहे का" असं मोघम विचारू नका. "या मॉडेल नंबरच्या पॅनलचा नेटिव्ह रिफ्रेश रेट किती, आणि एचडीएमआयमधून ४के रिझोल्यूशनचा १२० हर्ट्झचा सिग्नल घेतो का?" असं विचारा. '४के' हा शब्द प्रश्नात हवाच. काही टीव्ही ६०चंच पॅनल दोन-दोन ओळी एकत्र चालवून १२०वर नेतात, डीएलजी म्हणतात त्याला, आणि तेव्हा उभं रिझोल्यूशन निम्म्यावर येतं. १२०ही खरं, ४केही खरं, फक्त दोन्ही एकाच वेळी नाही. दुकानवाला तयार असेल तर स्वतःचा कन्सोल घेऊन जा आणि वर सांगितलेलं पान तिथेच उघडा. वाद पाच मिनिटांत मिटतो.

बदलून आणलेल्या टीव्हीवर ४के १२० चालतं, तरी एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. चार पोर्टपैकी दोनच पूर्ण वेगाची आहेत, आणि त्यातलंच एक ईआर्कचं, म्हणजे साउंडबार तिथेच लागणार. एकच कन्सोल असेल तर भागतं. दोन कन्सोल आणि साउंडबार असेल तर एका कन्सोलला ६०चं पोर्ट मिळतं. पोर्टच्या शेजारी टीव्हीच्या पाठीवर बारीक अक्षरांत '४के १२०' लिहिलेलं असतं, ते भिंतीवर टांगायच्या आधी वाचून घ्या.