पाया भाजायला घेतलेला गॅस टॉर्च: जाळ भारी, रबरी रिंग मात्र बघून घ्या

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत एका दुकानातनं घेतला हा हँड टॉर्च. कॅनच्या डोक्यावर बसवायचा, नॉब फिरवून बटण दाबलं की पेटतो. टॉर्च साडेसहाशेला, कॅन वेगळा. घेतला तो बकऱ्याचा पाया आणि मुंडीसाठीच, कारण मटणाच्या दुकानात रविवारी गर्दीत भाजून देतात ते अर्धे केस तसेच राहतात आणि घरी शेगडीवर भाजायचं म्हणजे बर्नरची भोकं बुजणार, वर घरातली बोलणी खायची ती वेगळीच.

त्या कामाला एक नंबर भावांनो. खुराच्या बेचक्यात शेगडीचा जाळ पोचतच नाही, तिथं ह्याची निळी ज्योत बरोबर आत जाते, केस चुरचुरत गोळा होतात, कातडी तपकिरी झाली की सुरीनं खरवडायची, बास. जाळ आणि धूर संगटच, त्यामुळं टेरेसवरच करा. खाली लोखंडी जाळी किंवा जुना जाड तवा ठेवा. अॅल्युमिनियमची परात नको, ती ६६० डिग्रीला वितळते आणि ह्या ज्योतीला ते काहीच नाही. नॉनस्टिकवर तर अजिबात नको. कडाप्प्याच्या ओट्यावर डायरेक्ट मारला तर फरशी तडकायची.

वांग्याला मात्र निकामी, वरनं काळं आत कच्चं. खरड्याच्या मिरच्या भाजायला गेलात तर असला ठसका उठतोय की गल्ली खोकत बसेल, त्या तव्यावरच बऱ्या.

आता मेन मुद्दा. दुकानदार देताना प्रोपेन टॉर्च म्हणतो पण कॅनवर बारीक अक्षरात ब्युटेन लिहिलंय. प्रोपेन उणे ४२ डिग्रीला उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरासं खाली, त्यामुळं आपल्या हवेत प्रोपेनचं प्रेशर ब्युटेनच्या तिप्पट-चौपट, म्हणून तो जाड पोलादी सिलिंडरात येतो आणि ब्युटेन २२० ग्रॅमच्या पातळ पत्र्याच्या कॅनात चालतो. तेव्हा एकाचं डोकं दुसऱ्याला अॅडॅप्टर लावून बसवायचा नाद करू नका. घरच्या सिलिंडरातनं कॅन भरून देणारे भेटतात, त्यांच्याकडं तर जाऊच नका, घरच्या गॅसमध्ये प्रोपेन पण असतो आणि तो पत्रा त्यासाठी केलेला नाही.

तक्रार एकच पण मोठी. माझ्या पीसमधली रबरी रिंग तिरकी बसलेली. कॅन बसवून जोडावर साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे यायला लागले. दुकानदारानं कुरकुर न करता बदलून दिला हे खरं, पण कंपनीनं हे असं पाठवायचं म्हणजे काय, आणि सोबतचा कागद एवढ्या बारीक अक्षरात की भिंगच पाहिजे. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली जमिनीलगत साठतो, वास जाणवायच्या आधीच. त्यामुळं दर वेळी कॅन बसवला की साबणाचं पाणी लावायचंच, आणि काडी ओढून बघणारे शूर लोक लांब ठेवायचे.

पेटवल्यावर पहिलं मिनिटभर उभाच धरा. गार असताना एकदम तिरका केला की आतला लिक्विड गॅस तसाच नळीत येतो आणि पिवळा लोळ हातभर बाहेर पडतो. पिवळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाही, तो वास मग मटणालाच लागतो. निळी झाली की वीतभर लांबनं फिरवत राहायचं, एका जागी थांबायचं नाही. अंगात नायलॉनचं काही नको, ओढणी-पदर खोचलेला. बराच वेळ चालवला की कॅन गार पडून जाळ बसतो, तो काय गॅस संपलेला नसतो, जरा थांबा. गरम पाण्यात कॅन बुडवायचा शहाणपणा नको. बंद केल्यावरही नळी बराच वेळ तापलेली असते, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, गार झाली की कॅन काढून शेगडीपासनं लांब. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तर नकोच, कॅनवरच लिहिलंय ५० डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका आणि एप्रिलात उन्हात लावलेली गाडी तेवढी सहज तापते.

पाचातले साडेतीन स्टार. नुसतं कधीमधी पापड-वांगं भाजायला घेणार असाल तर पैसे घालू नका, शेगडी आणि जाळी हायच. पाया घरी आणणाऱ्यांनी घ्या, फक्त दुकानातच कॅन बसवून साबणाचं पाणी लावून दाखवा म्हणायचं, नाही म्हणाला तर पुढचं दुकान.