काजू फेणी : आठ महिन्यांनंतर, नुसती आणि कॉकटेलमध्ये

घरात स्वस्तातली पांढरी दारू म्हणून व्होडकाच्या जागी काजू फेणी ठेवणार असाल, तर आधी एक लक्षात घ्या : व्होडकाच्या मापाने फेणी ओतायची नाही. आठ महिन्यांत चार वेगवेगळ्या बाटल्या संपवल्यावर सगळ्यात ठाम झालेलं मत हेच.

व्होडकाचं स्पिरिट ९५ टक्क्यांच्या आसपास नेऊन मग पाण्याने उतरवतात, त्यामुळे तिला स्वतःचा वास फारसा उरत नाही. फेणी भट्टीवरची. पहिल्या गाळपाला हुर्राक म्हणतात, साधारण १५ टक्क्यांची. पुन्हा गाळली की फेणी, बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के. बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, वास दोन्ही गाळपांतून तसाच खाली उतरतो. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते या वेगळेपणामुळेच, आणि ग्लासात गोंधळ होतो तोही त्याच्यामुळेच.

नुसती चाखायची तर फ्रीजमधली नको. थंडीने वास दबतो आणि मागे नुसता कडवटपणा राहतो. निमुळत्या तोंडाच्या ग्लासात २० मिली घ्या, दहा मिनिटं तशीच ठेवा, पहिला घोट झाल्यावर १० मिली साधं पाणी घाला. चांगली फेणी इथे खुलते : आधी पिकलेला बोंडू, मग अननस, शेवटी जिभेच्या कडेला किंचित तुरटपणा. नेलपॉलिशसारखा झोंबणारा वास आला आणि पाण्यानेही तो गेला नाही, तर ती बाटली लिंबूसोड्यालाच लावा.

भेसळ ओळखायला लोक बाटली हलवून बुडबुडे बघतात. त्यावरून तीव्रतेचा अंदाज येतो, शुद्धतेचा नाही. त्यापेक्षा दोन थेंब तळहातावर चोळा. स्पिरिट उडून गेल्यावर बोंडूचा वास राहायला हवा. रिकामा ग्लास न धुता रात्रभर ठेवला तर सकाळीही तो येतो. चारातल्या एका बाटलीचा नाही आला.

आता कॉकटेल. जिथे व्होडका ६० मिली, तिथे फेणी ३० ते ४०, आणि सोबत आंबट व मीठ हवंच. सगळ्यात जमलेलं मिश्रण कोकमाचं : ३० मिली फेणी, १५ मिली आगळ (कोकमाचा मीठ घातलेला घट्ट रस), २० मिली साखरेचा पाक (साखर आणि पाणी समान), भरपूर बर्फ, वर १०० मिली सोडा. आगळ आणि पाक आधी नीट ढवळून एकजीव करा, सोडा शेवटी. आगळात मीठ मुरलेलंच असतं, वरून चिमूटभर जरी टाकलं तरी पेय खारट होऊन वाया जातं. बाजारातलं कोकम सरबत वापरलंत तर हिशेब उलटा : त्यात साखर असते, म्हणून पाक वगळा आणि मीठ घाला.

लिमका, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची हा गोव्यातला हुर्राकसोबतचा नेहमीचा जोड फेणीलाही शोभतो. मिरचीच्या बिया काढा आणि पाच मिनिटांत मिरची बाहेर घ्या. ती ग्लासात राहिली तर शेवटचे घोट नुसते जाळतात.

गुळाचा पाक (दोन भाग गूळ, एक भाग गरम पाणी, गाळून) १५ मिली, लिंबाचा रस २० मिली, फेणी ४० मिली, बर्फासोबत बारा-पंधरा सेकंद शेक करा. आंबटगोड प्रकारात व्होडका याच्या जवळपासही येत नाही. फेणी आल्याच्या पेयांशीही छान जुळते. कॉफी, दूध आणि डब्यातले गोड रस मात्र टाळा. त्यात फेणी सडायला आलेल्या फळासारखी लागते.

शेकरच्या रबरी कडेत वास बसतो, गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने तो निघतो. भट्टीवरून पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत मिळालेली फेणी घरी येताच काचेत ओता. बाटली निम्मी झाली की छोट्या बाटलीत भरा, नाहीतर दोन-तीन महिन्यांत अननस उडून जातो आणि तुरटपणा तेवढा शिल्लक राहतो. गोव्याबाहेर नेणार असाल तर आधी परवाना काढा.