एक लाख आठ हजारांचा खंड्या

आधीच सांगून टाकतो, "एवढा शिकलेला माणूस, फसलास कसा?" हा प्रश्न मला घरी विचारून झालाय, ऑफिसात विचारून झालाय आणि पक्षी बघायला भिगवणला जाताना गाडीत चौघांनी मिळून विचारून झालाय. त्यामुळे तो सोडून दुसरं काय विचारायचं ते विचारा. सेकंडहँड कॅमेऱ्यात लोक फसतात हे मला माहीत होतं. शटर काउंट (कॅमेऱ्याचं शटर आजवर किती वेळा पडलं तो आकडा) खोटा सांगतात, बिल नसतं, लेन्सच्या आत फंगस म्हणजे बुरशी असते, हे सगळं मीच दुसऱ्यांना सांगत फिरायचो. म्हणून तर जास्त लाज वाटते.

गेले एकूण १,०८,००० रुपये. वर सर्व्हिस सेंटरची तपासणी फी ५९०. ती पण धरा, सोडू नका.

आता तुम्ही म्हणाल नवीन का नाही घेतला. अहो, निकॉन डी५०० नवीन मिळतो कुठे? २०१६ ला आला, २०२२ ला कंपनीने बंद केला. आणि पक्ष्यांच्या मागे फिरणाऱ्यांना अजून तोच लागतो, सेकंदाला दहा फ्रेम, आणि क्रॉप बॉडी (म्हणजे आतला सेन्सर लहान) असल्यामुळे २००-५०० मिलिमीटरची लेन्स लावली की टोकाला साडेसातशे मिलिमीटरचा हिशोब येतो. नव्या पद्धतीची मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी आणि तिची लांब लेन्स म्हणजे आमच्यासारख्या नोकरदाराने घरात विषयच काढायचा नाही. दिवाळीचा बोनस आला होता, थोडे साठवलेले होते, जुना डी५३०० भावाच्या मुलीला देऊन टाकायचा असं ठरवलं होतं. म्हणजे उधळपट्टी नव्हती, नीट विचार करून केलं होतं सगळं. तरी.

जाहिरात होती डी५०० अधिक २००-५०० एफ ५.६, दोन्ही मिळून १,१५,०००. सोबत खंड्याचा फोटो, पिसान्‌पीस दिसतंय, चोचीवर पाण्याचा थेंब, मागचं सगळं लोण्यासारखं. मी फोन केला. आवाज गोड, पंचविशीतला वाटला. "सर मी पण बर्डिंगच करतो, सोनीवर शिफ्ट होतोय म्हणून काढतोय, नाहीतर हा सेट कोण विकतं." मग कवडीपाट, पाषाण तलाव, सिंहगड व्हॅली, कुठे कधी काय दिसतं सगळं धडाधडा सांगितलं. पहिल्या फोनला सर होतो, तिसऱ्या फोनला दादा झालो. आणि मी पाघळलो.

मी शटर काउंट मागितला हे लिहून ठेवा. न विचारता पैसे फेकले असं नाही. त्याने मेलवर एक जेपीजी पाठवली, घरातल्या पंख्याचा फोटो, "दादा आत्ताच काढला, ओरिजिनल आहे, चेक करा." मी एका वेबसाइटवर टाकला, हिरव्या अक्षरात आकडा आला १८,२४०. डी५०० चं शटर दोन लाख क्लिकपर्यंत टेस्ट केलेलं असतं, म्हणजे बॉडी कोरीच म्हणायची. मी खूश. माझ्या लॅपटॉपवर एक्झिफटूल (फोटोच्या फाइलमध्ये दडलेली माहिती वाचणारं सॉफ्टवेअर) पडलेलं आहे, त्यात तीच फाइल टाकली असती तर काउंटसोबत बॉडीचा सिरियल नंबर पण दिसला असता आणि तो नंबर कॅमेऱ्याच्या बुडाशी ताडून बघता आला असता. नाही टाकली. वेबसाइटने एकच आकडा मोठा करून दाखवला आणि मी तेवढाच बघितला.

आणि खंड्याचा फोटो. २०४८ पिक्सेलचा होता. डी५०० ची पूर्ण फाइल ५५६८ बाय ३७१२ असते. मी म्हणलं रॉ (कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची, न धुतलेली फाइल) पाठव की एखादी, तर म्हणे "दादा पंचवीस एमबीची फाइल, नेट स्लो आहे इकडे." बरं म्हणलं! पुण्यात राहून नेट स्लो आहे हे मी ऐकून घेतलं. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ च्या एप्रिलपासून डिनॉइजचं (फोटोतले दाणे पुसायचं) बटण आलंय, मी स्वतः दर रविवारी रात्री बसून माझे ३२०० आयएसओचे फोटो त्यातून धुऊन काढतो, वर शार्पनिंग चढवतो, मास्क मारून पार्श्वभूमी मऊ करतो, आणि लोकांची वाहवा घेतो. तो खंड्या आज परत बघितला तर गळ्याखालची पिसं मेणाची दिसतात. डोळ्याभोवती शार्पनिंगची पांढरी कड आहे. जे मी स्वतः करतो ते मला दुसऱ्याच्या फोटोत दिसलं नाही, कारण मला लेन्स हवी होती. धुतलेल्या फोटोवरून लेन्स कळत नसते. रॉ मागा, नाही दिली तर फोन ठेवा.

शुक्रवारी ५,००० टोकन पाठवलं, "दुसरी पार्टी पण येतीये" म्हणाला म्हणून. यूपीआयवर नाव बाईचं आलं. विचारलं तर बहिणीचं खातं आहे म्हणाला. नाव वेगळं दिसलं की तिथेच थांबायचं असतं. मी नाही थांबलो.

रविवारी सकाळी साडेदहाला एका अमृततुल्यपाशी भेटलो, त्याने बोलावलं तिथे. (घरी बोलावलं नाही. घरी आजी आजारी.) मी माझं एसडी कार्ड घेऊन गेलो होतो, टॉर्च पण घेतला होता, लॅपटॉप गाडीच्या डिकीत होता. म्हणजे तयारीने गेलो होतो हो! डी५०० ला दोन स्लॉट असतात, एक एसडीचा आणि एक एक्सक्यूडी नावाच्या वेगळ्या कार्डाचा. कॅमेरा हातात घेतला, कार्डाचं झाकण उघडून माझं एसडी घालायला लागलो तर त्याने हात धरला. "दादा एक मिनिट. तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. एसडी स्लॉटची पिन वाकलीये, कार्ड घातलं तर अडकेल. एक्सक्यूडी एकदम ओके आहे. त्याचे हवं तर दोन हजार कमी करा." आम्ही १,१०,००० वर आलो होतो, तो स्वतःहून १,०८,००० वर आला.

हाच तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी इथेच परत परत येऊन उभा राहतो. पिन वाकते ती जुन्या सीएफ कार्डच्या स्लॉटात. त्यात उभ्या सुयांसारख्या पिना असतात, कार्ड तिरकं घातलं की वाकतात. एसडी स्लॉटात तशा पिनाच नसतात. मला हे माहीत होतं, मी स्वतः एकदा मित्राच्या जुन्या कॅननची वाकलेली पिन टाचणीने सरळ केली आहे. पण समोरचा माणूस स्वतःहून दोष सांगतोय, वर पैसे कमी करतोय, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा, असं वाटलं मला. किती सरळ मुलगा! चहाचे पैसे पण मीच दिले.

मग त्याच्या एक्सक्यूडी कार्डावर पंचवीस-तीस फोटो काढले, समोरची पाटी, तारेवरचं कबूतर, मागच्या स्क्रीनवर झूम करून बघितले, छान दिसले. त्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. एक्सक्यूडीचा रीडर माझ्याकडे नव्हता, म्हणजे ते कार्ड लॅपटॉपला लावून बघता येणार नव्हतं आणि हे त्याला फोनवरच्या गप्पांत मीच सांगून बसलो होतो. फाइलचा नंबर डीएससी ८१०० च्या आसपास होता, तो म्हणाला "बघा, किती कमी वापर". ९९९९ नंतर परत ०००१ येतो एवढं सुद्धा त्या वेळी डोक्यात आलं नाही. टॉर्च खिशातच राहिला. उन्हात लेन्समधून आरपार बघितलं आणि समाधान मानलं. फंगस उन्हात आरपार बघून दिसत नाही, सावलीत जाऊन मागून तिरका टॉर्च मारावा लागतो. बिल म्हणे घर बदलताना हरवलं. ९५,००० यूपीआय केले, ८,००० एटीएममधून काढून रोख दिले कारण त्याला पेट्रोलला सुट्टी कॅश पाहिजे होती. आठ हजारांचं पेट्रोल! मी त्याच्या स्कूटरकडे तरी बघायचं होतं.

पुढच्या शनिवारी पहाटे कवडीपाटला गेलो. धुकं, नदीवर फेस, त्या घाणीत सुद्धा चक्रवाकांचा थवा आणि शेकाट्यांची रांग. चाळीस-पन्नास क्लिक झाले आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर एरर लुकलुकायला लागलं. परत दाबलं, गेलं. दहा क्लिकनंतर परत. सूर्य वर येईपर्यंत शटर पूर्ण अडकलं, व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख. घरी आल्यावर चिडून कार्डाचं झाकण उघडलं आणि माझं एसडी कार्ड घातलं. खट्कन बसलं. स्लॉट ठणठणीत होता! बॅटरी काढून घालून कसंबसं एक शटर पडलं, ती रॉ फाइल एक्झिफटूलमध्ये टाकली. काउंट ३,१२,४८६. पंख्याच्या फाइलमधल्या सिरियल नंबरच्या शेवटी ४७, माझ्या बॉडीच्या बुडाशी ०९. वेगळ्याच कॅमेऱ्याचा पंखा होता तो. माझी बॉडी बहुतेक कुठल्यातरी लग्नाच्या युनिटमध्ये सहा-सात सीझन राबलेली असणार. मग टॉर्च काढला. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखा फंगस, मधल्या काचेवर.

त्याचा फोन बंद. आजपर्यंत बंद.

सर्व्हिस सेंटरला गेलो. ५९० भरून घेतले, चार दिवसांनी इस्टिमेट दिलं, शटर युनिट बदलायचे २४,७८०, लेन्स उघडून साफ करायचे ८,८५०, आणि फंगसने कोटिंग खाल्लं असेल तर डाग जाणार नाहीत, गॅरंटी नाही. ठीक आहे. मी म्हणलं निदान शटर काउंट लेटरहेडवर लिहून द्या, तक्रारीला जोडतो. "काउंट लेखी देत नाही सर." तोंडी सांगता? "हो, तीन लाख बारा." मग लिहून द्या. "पॉलिसी नाही." हा सिरियल नंबर चोरीचा आहे का तेवढं तरी सांगा. ते पण नाही. मग ५९० कशाचे घेतले?

बँकेत गेलो. तुम्हीच पिन टाकून पाठवलेत, आम्ही काय करणार. खातं कोणाचं आहे सांगा. गोपनीय आहे. मला लुटणाऱ्याची माहिती गोपनीय, आणि माझा नंबर मात्र रोज लोन विकणाऱ्या पन्नास जणांकडे.

मग चौकी. मी राहतो हडपसरला, व्यवहार झाला शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे आधी घराजवळच्यांनी तिकडे पाठवलं आणि तिकडच्यांनी विचारलं की पैसे कुठे बसून पाठवले, टोकन घरातून पाठवलं असेल तर तिकडेच जा. तिसऱ्या फेरीला ठाणे अंमलदारांनी बसवलं. मी म्हणलं चारशेवीस आहे साहेब हे. ते म्हणाले "चारशेवीस आता नाही, नव्या कायद्यात तीनशे अठरा." बरं, तीनशे अठरा लावा मग! तर म्हणे वस्तू तुम्ही बघून, हाताळून, फोटो काढून घेतलीत, ही दिवाणी बाब आहे. रोख ८,००० चा पुरावा काय? शटर काउंट म्हणजे काय हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला, मी गाडीच्या किलोमीटरचं उदाहरण दिलं, तर म्हणाले "जुन्या गाडीचं किलोमीटर सगळेच मागे फिरवतात." सायबरला गेलो तर तिथे म्हणे समोरासमोर भेटून व्यवहार झालाय, हा सायबर कसा? ग्राहक तक्रारीचं विचारलं तर कळलं की विकणारा दुकानदार नाही, खाजगी माणूस आहे, ते बसत नाही. म्हणजे मी दुकानातून घेतलं असतं तर ग्राहक, मोबाइलवरून लुटलं असतं तर सायबर, आणि चहा पाजून लुटलं गेलो म्हणून कुणाचाच नाही. शेवटी तक्रार अर्जावर शिक्का मारून दिला, "अर्ज चौकशीवर ठेवलाय." दोन महिने झाले, चौकशीवरच आहे.

पैसे नुसते ऑनलाइन गेले असतील, माणूस भेटलाच नसेल, तर मात्र तासाभराचा उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, खातं गोठवायची शक्यता तेव्हाच असते. मी तर सात दिवस नवीन कॅमेरा गळ्यात घालून सोसायटीतले बुलबुल काढत होतो.

आणि स्वतःचं कार्ड घालू न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका, बॅग सुद्धा. टोकन देऊ नका. दुसरी पार्टी येत असेल तर येऊ दे, तिला पण लुबाडेल. आधार कार्ड दाखव म्हणायला लाजू नका, मी लाजलो. विकणाऱ्याच्या घरी जा, आजी आजारी असली तरी जा, लिफ्टपर्यंत तरी जा. काउंट कॅननच्या बऱ्याच बॉड्यांमध्ये फाइलमधून निघतच नाही, तिथे वेगळं सॉफ्टवेअर आणि केबल लागते, ते जमत नसेल तर जमणाऱ्याला सोबत न्या. एकटे जाऊ नका हे मुख्य. एकटा माणूस हवीशी लेन्स हातात आली की आंधळा होतो. बायको म्हणाली होती मी येते, मी म्हणलं तुला त्यातलं काय कळतंय. तिने परवा शांतपणे विचारलं, "कार्ड का घालू देत नाही, हे विचारायला काय कळावं लागतं?"

मागच्या आठवड्यात ग्रुपवरच्या एकाने मला जाहिरात पाठवली, "अरे हा सेट कसा आहे, घेऊ का?" डी५००, यावेळी ३०० एफ ४ लेन्ससोबत, ९२,०००. नंबर नवीन. त्याने मागितलेली फाइल आली होती, तोच पंखा, तेच १८,२४०. आणि जाहिरातीच्या खाली यावेळी आधीच लिहिलेलं, 'एसडी स्लॉटला प्रॉब्लेम आहे, प्रामाणिकपणे सांगतोय.'

मी सगळे स्क्रीनशॉट काढून धावत चौकीत. म्हणलं साहेब आत्ता फोन लावा, सापळा लावा, हा समोर येईल. ते म्हणाले, जाहिरात टाकणं हा काही गुन्हा नाही, तुमच्या मूळ अर्जाला जोडून द्या, आणि रंगीत प्रिंट दोन प्रतीत आणा. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने पानाला १० रुपये घेतले, १४ पानं, दोन प्रती. २८०. तेही वरच्या हिशोबात धरा.