वाफ की पाण्याचा मारा? सोलापुरात गाडी साफ करण्याआधीचा हिशेब

शेजारच्या पोरानं मागच्या महिन्यात जुनी स्विफ्ट घेतली आणि दुसऱ्याच दिवशी दारात हजर. "काका, स्टीम क्लीनर घेऊ की प्रेशर वॉशर?" मोबाईलवर त्यानं व्हिडिओ बघितला होता. पांढरी वाफ सुटते, सीटवरचा काळा डाग विरघळतो, खाली फरशीवर पाण्याचा थेंब नाही. मी म्हटलं, आधी गाडीचं दार उघड, मळ कुठला आहे ते बघू. दोन्ही यंत्रं गाडी साफ करतात, पण दोघांचा मळ वेगळा.

प्रेशर वॉशरचं काम सरळ आहे. घरगुती यंत्र शंभर बारच्या वर दाब देतं आणि मिनिटाला पाच-सात लिटर पाणी फेकतं. पावसाळ्यात मंगळवेढ्याकडच्या शेतरस्त्यानं गाडी येते तेव्हा काळी माती मडगार्डच्या आत आणि गाडीच्या पोटाला थापल्यासारखी बसते. ती काढायला याच्यासारखं दुसरं काही नाही. तिथं वाफ हरते. वाफ माती मऊ करते, पण वाहून नेत नाही. ती नेण्यापुरतं पाणीच तिच्यात नसतं. मग आपण फडक्यानं पुसतो आणि मातीतली बारीक खडी रंगावरून घासत नेतो. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ते असेच पडलेले असतात. चिखलानं माखलेली गाडी वाफेनं धुऊ नये.

आता पाण्याचा हिशेब. दहा मिनिटं वॉशर चालवला की साठेक लिटर गेलं. वाफेच्या छोट्या यंत्राला आतली सगळी सफाई एक-दोन लिटरमध्ये होते. ज्या भागात नळ चार-चार दिवसांआड येतो तिथं हा फरक घरातल्या बाईला आधी कळतो. पण माझ्या मते सोलापुरात पाणी किती लागतं यापेक्षा कसलं लागतं हे जास्त महत्त्वाचं. बोअरचं पाणी जड. एप्रिलमध्ये सकाळी दहाला गाडी धुतली तर पुसायच्या आत थेंब वाळतात आणि काळ्या गाडीवर चुन्याचे पांढरे ठिपके राहतात. ते नंतर शाम्पूनं जात नाहीत. वॉशर घेणार असाल तर सात वाजायच्या आत धुवा आणि लगेच कोरडी करा. पुसायला घरातला जुना सोलापुरी टॉवेल घेऊ नका. अंग पुसायला त्याला तोड नाही, पण त्याच्या फासांत कचरा अडकून बसतो. रंगावर मायक्रोफायबरच.

हेच जड पाणी वाफेच्या यंत्राचाही शत्रू. पाणी उकळून जातं, चुना टाकीत राहतो. माझं पहिलं यंत्र मी बोअरच्या पाण्यावर चालवलं. थोड्याच दिवसांत ते वाफेऐवजी गरम पाणी थुंकायला लागलं. चूक माझीच, पुस्तिका वाचली नव्हती. आता बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणतो. पुस्तिकेत परवानगी असेल तर अधूनमधून लिंबूसत्त्वाचं पाणी टाकीत ठेवून चुना काढता येतो.

विजेचंही बघा. पंधराशे वॉटच्या यंत्राला घरातला साधा सहा अँपिअरचा प्लग पुरत नाही, सोळाचा लागतो. तिसऱ्या मजल्यावरून पार्किंगमध्ये बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड सोडलात तर वायर तापेल. वॉशरलाही हेच लागू.

खरी कमाल गाडीच्या आत आहे. टाकीत तीन-चार बार दाबाला वाफ 140 अंशांच्या आसपास असते. बाहेर पडली की ती शंभरापर्यंत येते आणि वीतभर लांब गेली की झपाट्यानं निवते. म्हणून नळी जवळ धरायची, पण एका जागी थांबायचं नाही. एसीच्या जाळ्या, गिअरच्या बुडाशी साचलेला चिकट मळ, स्टिअरिंगवरचा घामाचा थर, सीट बेल्टचा काळा पडलेला पट्टा, दाराच्या बिजागऱ्या: ब्रश जात नाही तिथं वाफ जाते. हायवेवर रात्री बंपरला चिकटलेले किडे आणि दारावरचे गुटख्याचे ओघळसुद्धा ती पटकन मऊ करते.

पण आधी व्हॅक्यूम. कोरड्या धुळीवर वाफ मारली की सीटच्या कापडात चिखल तयार होतो आणि खोल बसतो. आपल्याकडच्या गाड्यांत तर धुळीशिवाय बरंच काही असतं. तुळजापूरहून येताना हळदकुंकू, पंढरपूरहून बुक्का, आणि वाटेत भाकरीबरोबर खाल्लेल्या शेंगाचटणीचं तेल. या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

बुक्का आणि कुंकू कोरडंच ओढून घ्यायचं; ओला हात लागला की पसरलंच. तेलाच्या डागावर वाफ उत्तम. नळीच्या तोंडाला जुना टॉवेल गुंडाळून फिरवा (इथं मात्र सोलापुरी टॉवेल हवाच), तेल सुटून त्यात उतरतं. हळदीवर वाफेचा उपयोग नाही, आणि साबण लावलात तर डाग लाल होतो, कारण साबण क्षारधर्मी. हळदीचा रंग उन्हात उडतो. सीट कव्हर काढून गच्चीवर टाका. सांडलेलं दूध किंवा पोराची उलटी यावर तर सुरुवातीला वाफ अजिबात नको. उष्णतेनं त्यातली प्रथिनं शिजून धाग्यात घट्ट बसतात आणि वास कायमचा राहतो. आधी थंड पाणी, मग टिपून घेणं, वाफ शेवटी.

कुठं मारायची नाही तेही सांगतो. म्युझिक सिस्टीमचा स्क्रीन, बटणं, फ्यूजचा डबा, एअरबॅगची जागा. छताचं कापड गोंदावर असतं. वाफेनं गोंद सुटला की ते तंबूसारखं खाली लोंबतं. नंबरप्लेटवरचे स्टिकर आणि दारावरच्या पट्ट्याही सुटतात. काचेला खडा लागून टवका उडालेला असेल आणि एसीनं काच थंड असेल, तर त्यावर वाफ म्हणजे भेगेला आमंत्रण. इंजिनवर घरच्या घरी वाफ किंवा पाणी, दोन्ही मारू नका. आणि यंत्र गरम असताना टाकीचं झाकण उघडायचं नाही. कुकरला जो नियम तोच.

डिटेलिंगच्या, म्हणजे गाडीची खोल सफाई करून देणाऱ्या, दुकानात जाणार असाल तर तिथली वाफ वेगळी: डिझेलवर किंवा थ्री-फेजवर चालणारा बॉयलर, दाब जास्त, वाफ जास्त कोरडी. काम लवकर होतं आणि सीट लवकर वाळते. फक्त गाडी देताना उभं राहून बघा: आधी व्हॅक्यूम करतात का, आणि चाक पुसलेलं फडकं डॅशबोर्डवर तर येत नाही ना. एका ठिकाणी माझ्या डोळ्यांदेखत आलं होतं.

मग घ्यायचं काय? स्वतःचं अंगण, शेताकडं येणं-जाणं आणि मुबलक पाणी असेल तर वॉशर. अपार्टमेंटमध्ये राहता, सोसायटी पार्किंगमध्ये पाइप लावू देत नाही, गाडी शहरातच फिरते, तर वाफ. बाहेरून दोन बादल्या आणि शाम्पू पुरतो. भाविकांना घेऊन अक्कलकोट-तुळजापूर करणाऱ्या अर्टिगावाल्यानं वाफेचंच यंत्र घ्यावं, त्याच्या गाडीत आठवड्याला नवा डाग असतो. घरच्या गाडीला वर्षातून दोनदाच खोल सफाई लागत असेल तर यंत्र घेण्यापेक्षा दुकानात देणं स्वस्त. आणि कुणाकडंही व्हॅक्यूम नसेल तर पहिला पैसा त्यावर.

पोरगं अपार्टमेंटमध्ये राहतं. त्यानं शेवटी व्हॅक्यूमच घेतला आणि वाफेचं यंत्र माझं नेलं. मागच्या सीटच्या फटीतून आधीच्या मालकाचे मूठभर शेंगदाणे निघाले. पुढच्या सीटवर हळदीचा डाग निघाला. ते कव्हर तीन दिवस झाले गच्चीवर आहे, आणि यंत्र अजून त्याच्याकडंच.