आपोआप बसणारं शून्य: मेडिकल कोडिंग सॉफ्टवेअर आठ महिने वापरल्यावर

कंपनीचं नाव लिहीत नाही. आमचं काम म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी (चार्ट) वाचून विम्याच्या क्लेमसाठी आजारांचे आणि उपचारांचे कोड लावणं. पेन मॅनेजमेंटचे, म्हणजे दुखण्यावरच्या उपचारांचे, चार्ट करणाऱ्यांना दोन ओळींत कळेलच. वर्षाचे पैसे एकदम, तेही डॉलरमध्ये, वर बँकेने कापले ते वेगळे. घेतलं एप्रिलमध्ये, स्वतःच्या खिशातून. माझं कोडबुक २०२३ चं, आणि क्रॉनिक मायग्रेन विथ ऑराचे (डोळ्यांपुढे चमकणं वगैरे होणारी जुनाट अर्धशिशी) जी४३.ई हे कोड लागू झाले १ ऑक्टोबर २०२३ पासून. म्हणजे पुस्तकात ते नाहीतच. दरवर्षी पुस्तक घेण्यापेक्षा हे परवडेल, असा हिशोब मांडला.

हा रिव्ह्यू मी जूनमध्येच लिहायला घेतला होता, रागात. लातूरला घरी बसून अमेरिकेतल्या क्लिनिकचे चार्ट करतो. आमच्याकडे ऑडिटमध्ये अचूक कामाचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या खाली आलं की इन्सेंटिव्ह गेला. मे महिन्यात सहा चार्ट चुकले, आणि सहाही एकाच जागी.

'क्रॉनिक मायग्रेन' टाइप केलं की हे सॉफ्टवेअर न विचारता जी४३.७०९ बसवतं. त्यातलं मधलं शून्य म्हणजे 'नॉट इन्ट्रॅक्टेबल'. औषधांना दाद न देणारा आजार असेल तर तिथे १ हवा, जी४३.७१९. आता डॉक्टर 'इन्ट्रॅक्टेबल' क्वचितच लिहितात. कुणी 'रिफ्रॅक्टरी' लिहितं, कुणी 'पुअरली कंट्रोल्ड'. हे शब्द इन्ट्रॅक्टेबलच्या बरोबरीचे धरायचे, अशी टीप आयसीडीच्या, म्हणजे निदानांच्या कोडच्या, यादीतच आहे. सॉफ्टवेअरमध्येही आहे, पण तीन क्लिक आत. ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच सापडावी, अशी सोय.

तीन ईमेल पाठवल्या. पहिलीला उत्तर आलं, ब्राउझरचा कॅशे साफ करा. दुसरीला, ही रचना मुद्दामच अशी आहे. तिसरीला अजून उत्तर नाही.

जुलैत मत थोडं बदललं, तेही आईमुळे. तिला अर्धशिशी आहे. सुंठ उगाळून कपाळाला लावते, पदराने डोकं आवळून अंधारात पडते, आणि दुखलं त्या तारखेवर कॅलेंडरात पेन्सिलीने फुली मारते. एके दिवशी म्हणाली, "दिवसभर काय बघायलास रे त्या मशिनीत? माझा काय नंबर येतो सांग की." फुल्या मोजल्या. जूनमध्ये १७, मेमध्ये १६, एप्रिलमध्येही १५ च्या वर. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतं, तीन महिन्यांहून जास्त काळ, आणि त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनच्या लक्षणांचे, तर ते क्रॉनिक. गोळ्याही तीनदा बदलून झालेल्या. मी मोठ्या उत्साहाने १ टाकायला निघालो आणि तिची फाइल उघडली. चिठ्ठीवर 'हेडेक' एवढंच, खाली गोळ्यांची नावं. त्यावर मला मायग्रेनसुद्धा लावता येत नाही, १ तर लांबच.

मग ते सहा चार्ट पुन्हा उघडले. चारांत 'रिफ्रॅक्टरी' चक्क लिहिलेलं होतं, वरच्या हिस्टरीत. टार्गेटच्या घाईत मी खालची प्रोसिजर नोट तेवढी वाचली होती. उरलेल्या दोनांत तसा शब्दच नव्हता, आणि काही खुलासा नसेल तर आयसीडीही ७०९ कडेच पाठवतं. ते दोन ऑडिटरशी भांडून परत मिळवले. म्हणजे सॉफ्टवेअर नियमाने चुकलेलं नव्हतं. तरी माझं म्हणणं तेच: ती जागा कोरी ठेवा, कोडरला भरू द्या. भरलेली जागा कुणी वाचत नाही.

बाकी काम चोख आहे, हेही लिहिलं पाहिजे. ग्रेटर ऑक्सिपिटल नर्व्हचा ब्लॉक, म्हणजे डोक्याच्या मागच्या नसेपाशी द्यायचं बधिरतेचं इंजेक्शन, त्याचा कोड ६४४०५. दोन्ही बाजूंना दिला तर कोडला जोडायचा मॉडिफायर ५०. नोटमध्ये बाजू, औषध, मात्रा यांतलं काही राहिलं की लाल पट्टी येते, आणि डॉक्टरला क्वेरी कशाची पाठवायची ते लगेच कळतं. मायग्रेनवरच्या बोटॉक्सचा ६४६१५ मुळातच दोन्ही बाजू धरून आहे. हाताच्या सवयीने मी त्यालाही ५० लावत होतो, तर अडवलं. २०० युनिटच्या बाटलीतले १५५ दिले, ४५ टाकून दिले, तर ते ४५ जेडब्ल्यू (वाया गेलेल्या औषधाचा मॉडिफायर) लावून वेगळ्या ओळीत आपोआप येतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा पैसे वसूल वाटले. औसा रोडला वीज जाते, पण अर्धा भरलेला चार्ट जागेवर राहतो.

एक गोष्ट मात्र खटकते. जे निदान टाकलं की क्लेम सुटायची शक्यता जास्त, त्याच्यापुढे हिरवी खूण येते. मायग्रेनसाठीचा ब्लॉक काही विमा कंपन्या अजून प्रायोगिक धरतात, त्यामुळे ६४४०५ टाकलं की खूण दिसते एम५४.८१ पुढे, म्हणजे ऑक्सिपिटल न्युराल्जिया, डोक्याच्या मागच्या नसेचं दुखणं. नव्या पोरांचा हात तिकडेच जाणार. चार्टात नसलेलं निदान क्लेम सुटावा म्हणून लावणं ही चूक नाही, लबाडी आहे. खरं तर ईमेल यावर लिहायला हवी होती. माझ्या तिन्ही त्या शून्यापायी गेल्या.

एप्रिलमध्ये मुदत संपते. नांदेडचा मित्र आणि मी मिळून एकच घ्यावं म्हटलं, तर एका लॉगिनवर दोघं चालत नाहीत. तेही विचारून झालं. हिरव्या खुणेची ईमेल मार्चमध्ये पाठवणार आहे. पैसे यायचे असले की यांची उत्तरं लवकर येतात.