‘९० दिवसांत पीसीओएस मुळापासून बरा’ म्हणून मी साडेबारा हजार दिले

पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी तीन महिन्यांनी. हनुवटीवर जाड केस, वजन ७४ किलो. डॉक्टरांनी पीसीओएस सांगितला, म्हणजे संप्रेरकांचं (हार्मोन्सचं) गणित बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार. मेटफॉर्मिन ही इन्सुलिनचं काम सुधारणारी गोळी दिली, रोज चालायला लावलं. तीन महिन्यांत पाळी जरा मार्गाला लागत होती, तेवढ्यात फोनवर ती जाहिरात दिसली.

नंबर टाकला आणि दहा मिनिटांत फोन. बाई स्वतःला हेल्थ कोच म्हणवत होत्या. “ताई, गोळ्यांनी आजार दबतो, जात नाही. उद्या लग्न होईल, मूल नको का?” घरी स्थळं बघणं चालू होतं, आईची झोप उडाली होती. बाईंनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. त्याच रात्री यूपीआयने पैसे पाठवले. पावती ‘डब्यासोबत येईल’ म्हणाल्या, ती आलीच नाही.

पावडरचे तीन डबे आले. गोळ्या बंद, गहू-दूध बंद, आणि चालणंही बंद, म्हणे त्याने शरीरावर ताण येतो. माझ्या अंगी लागत होतं तेच त्यांनी सोडायला लावलं, याचा राग अजून जात नाही. काही विचारलं की ठरलेलं उत्तर: शरीर शुद्ध होतंय, आणखी एक डबा घ्या.

चार महिने पाळी नाही. मग आली ती पंधरा दिवस थांबेना. डॉक्टर म्हणाल्या, पाळी लांबत गेली की गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, म्हणून हे अंगावर काढू नये. मग त्यांनी डबा उलटा करून तळाशी बोट ठेवलं. मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं, ‘औषधी वापरासाठी नाही’. वर एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर होता, त्यालाच मी भुलले होते. तो खाद्यपदार्थ विकायचा परवाना, आजार बरा होतो याचा दाखला नव्हे. पाळीच्या विकारांवर औषधाची जाहिरात करायला तर १९५४च्या कायद्यानेच मनाई आहे.

मैत्रिणींनो, पीसीओएस कायमचा घालवणारं औषध अजून निघालेलं नाही. तो आटोक्यात मात्र राहतो. वजन जास्त असेल तर ५ टक्के उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो, माझ्या बाबतीत जेमतेम पावणेचार किलो. आता आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालते, दोन दिवस डंबेल्स उचलते, रात्री भाकरी-उसळ, अकराच्या आत झोप, आणि गोळी डॉक्टर सांगतील तशी.

ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. यूपीआयची नोंद, सगळे मेसेज आणि एक डबा लेबलासकट मी जपून ठेवलाय.