तुर्कस्तानच्या फुटबॉलमधला भारी स्ट्रायकर कोण: हकान शुकुर की बुराक यिल्माझ?
आकड्यांत हकानच पुढे. तुर्कस्तानसाठी ११२ सामन्यांत ५१ गोल, २००० मध्ये गलातासराय या तुर्की क्लबसोबत युएफा कप (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) आणि २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये कोरियाविरुद्ध अवघ्या ११ सेकंदांत गोल! हेडर ही त्याची खासियत. इटलीत मात्र, आधी तोरिनो आणि मग इंटरकडून खेळताना, त्याचा जम बसलाच नाही.

बुराकचं उलटं. बेशिक्ताश, फेनरबाहचे, त्राबझोनस्पोर, गलातासराय अशी तुर्कस्तानातल्या एकमेकांच्या प्रतिस्पर्धी मोठ्या क्लबांची चारही घरं फिरून झाली (फॅन्सनी शिव्या घातल्या असणारच). २०११-१२ मध्ये तुर्की लीगमध्ये ३३ गोल. पस्तिशीत फ्रान्स गाठलं आणि पहिल्याच मोसमात लील क्लबला १६ लीग गोलांसह चॅम्पियन केलं. परदेशातल्या कामगिरीसाठी माझं मत बुराकला.